धुण्याच्या दगडाखाली

आषाढ सरता सरता धुण्याचा दगड एका अंगाला खचला.
पावसानं माती सैल झाली असेल, मी म्हटलं.
भैरू उकिडवा बसून बघत राहिला.
"पाऊस कुठला? घूस हाय."

वडगावातलं आमचं परसू ते केवढं,
दोन लुगडी अंथरली की संपलं.
त्यात पाच बिळं,
आणि शेवग्याच्या बुडाशी घमेलंभर ताजी माती,
रात्रीतून कुणी विहीर खणायला घेतल्यासारखी.

आधी काचा.
सोड्याच्या बाटल्या फोडून कोंबल्या, वर सिमेंट लिंपलं.
तिसऱ्या दिवशी सिमेंटला खेटून
नवं दार, जुन्याहून ऐसपैस.
मग मिरच्यांची धुरी.
ठसकलो आम्हीच,
आणि आत मागावर बसलेला बाळेश.

मग अर्ज.
"आमच्या परसात घूस झाली आहे, तरी बंदोबस्त व्हावा."
खिडकीतल्या कारकुनाला मराठी यायचं, पण निम्मं.
"घूसगीस हितं कोण घेत नाही री," तो म्हणाला.
रांग हसली.
भैरू अर्जाची घडी करून घरी आला
आणि चहा न पिता मागावर बसला.

शेजारच्या नीलव्वाच्या कस्तुरीनं
तोच अर्ज कन्नडमध्ये उतरवून दिला.
"हेग्गण," तिनं मला शिकवलं, "हेग्-गण."
तोंडात मावत नव्हता शब्द,
जनावराएवढाच जाडजूड.
अर्जाला नंबर मिळाला.
माणूस काही आला नाही.

श्रावणात एका सोमवारी मी इरेला पेटले.
घागरीमागून घागर, मोठ्या बिळात सोळा घागरी.
सतराव्या घागरीला भिंतीपलीकडून
नीलव्वाची हाक आली, "अय्यो! अक्का!"
तिच्या चुलीपुढं तळं झालं होतं.
तेव्हा उलगडलं,
आमच्या न्हाणीत महिनाभर येणारा उग्र वास
गटारीचा नव्हता,
तिच्या गोवऱ्यांच्या धुरीचा होता.
त्याच चार घुशी आम्ही एकमेकींना
वाणासारख्या परत पाठवत होतो.

दुसऱ्या दिवशी तिचा जावई पहार घेऊन आला.
भैरू आणि तो, दोघांनी दगड उलथला.

खाली वीतभर खोल खोली.
साबणाची कुरतडलेली वडी,
नीलव्वाच्या नातवाचा एक मोजा,
खोबऱ्याची वाटी, कुणाची कोण जाणे,
आणि मधोमध जांभळ्या रेशमाची लडी,
पिंजून, गोल करून, मऊ केलेली.
तिच्यावर सहा पिल्लं.
डोळे मिटलेली, बोटाच्या पेराएवढी, गुलाबी.

"काय करू?" भैरूनं विचारलं.
पहार हातातच होती.

मी लडीकडं बघत होते.

पंचमीच्या आधी ती हरवली
तेव्हा मी बाळेशची पिशवी झाडली होती,
सगळ्यांसमोर, उंबऱ्यात.
डबा, कंगवा, बसचा पास.
लडी नव्हती. तरी मी पगारातनं चारशे कापले.
पोरगं मराठी बोलायचं बरं,
पण त्या वेळी त्याला एकच शब्द सुचत होता.
"नानल्ल, अक्का. नानल्ल."
मी नव्हे.
कस्तुरीनं शिकवायची गरज नव्हती.
तो शब्द मला येत होता.

सोमवारपासून तो आला नाही.
सुळेभावीला कुणाच्या तरी मागावर बसतो म्हणे.

पिल्लांचं काय केलं ते मी बघितलं नाही.
भैरूनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
बीळ दगडगोट्यांनी भरलं, दगड सपाट बसवला,
नीलव्वानं त्यावर हळदकुंकू वाहिलं, का ते तिलाच ठाऊक.

चारशे रुपये माझ्या डब्यात आहेत, वेगळ्या घडीत.
सुळेभावीची बस अर्ध्या तासाला आहे.
तीन शनिवार गेले.

काल रात्री पुन्हा खरवडल्याचा आवाज आला,
ह्या वेळी मागाच्या खोलीखालनं.
भैरू घोरत होता.
मी उठले नाही. ऐकत राहिले.