कसर

जयगडात लोकर घालतं कोण?
इथे सुती झबलंसुद्धा पाठीला चिकटतं.
तरी पेटीत मुश्ताकभाईचा स्वेटर आहे,
कुठल्याशा बर्फाच्या बंदरात घेतलेला, निळा.

पाऊस सरला की मी तो उन्हात टाकते,
शिवणी उलटून ब्रश मारते,
घडीत वेखंडाची पुरचुंडी.
डांबरगोळ्या नकोत, त्याला शिंका येतात.
येतो तो मे महिन्यात,
उघड्या अंगाने हिंडतो.

यंदा कोपराला भोक.
भोकाच्या कडेला एक अळी,
त्याच लोकरीचा निळा झगा करून
आत शिरलेली.

चिरडणार होते.
मग वाटलं, या घरात
हा स्वेटर घातला तो हिनेच.

अब्बा जाळ्याची सुई घेऊन बसले:
"आण इकडे. एवढ्यातून मांदेलीही निसटायची नाही."