अकरा मिनिटं

पंप बंद करायला बाबा रोज विसरायचे.
म्हणजे, विसरतात असं आम्ही म्हणायचो.
लामांच्या मागे डोंगर चढून गेलेला माणूस
टाकी भरली म्हणून खाली कसा उतरणार?
पूनाच्या पठारावरचं ऊन पॅनेलांवर नुसतं सांडत असायचं
आणि विहिरीच्या तळाशी तो पाणबुडी पंप,
आज्ञाधारक, मुका.
पुरे म्हणायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

मी साल्ता शहरातून परत आले ती तेच शिकवायला.
एक तरंगता गोळा, चाळीस मीटर वायर,
काडेपेटीएवढं सर्किट, आणि रात्री ते गारठू नये म्हणून
यर्बाच्या रिकाम्या डब्यात लोकर भरून केलेलं घर.
पाणी चढतं, गोळा उचलला जातो,
रिले 'टक्' करतो.
शेजारच्या एउलोखियाबाई तो आवाज ऐकायला
मुद्दाम तासभर चालत आल्या.
दोनदा ऐकला. म्हणाल्या, एवढंच?

एवढंच.
विहिरीतही एक तार सोडली:
पाणी उतरलं तर कोरडा घसा खरवडत बसू नकोस,
झोप.

बाबांनी टोपी मागे सारून सगळं पाहिलं
आणि लामा घेऊन निघून गेले.

ऑगस्टात वारा सुटला.
टाकीच्या उताराला, जिथे ओघळ यायचा,
दोन पोंचो अंथरावेत एवढं गवत होतं,
कुठल्याच कागदावर नसलेलं.
आधी त्याच्या कडा पिवळ्या पडल्या.
ग्वायाता हंसांची जोडी उतरली,
चोचीने माती चाचपली,
एकमेकांकडे पाहिल्यासारखं केलं
आणि उडाली.

माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे:
वाया गेलेलं पाणी, शून्य.
खाली दोन रेघा. अभिमानाच्या.

रात्री बाबांना विचारलं, तुम्हाला कसं कळायचं
पंप कधी बंद करायचा ते?
ते चुलीत तोलाच्या काटक्या सारत होते.
"वरून दोन पांढरे ठिपके दिसायचे," म्हणाले,
"पाणी सांडल्याशिवाय ते येत नाहीत.
ते दिसले की मी उतरायला लागायचो."

म्हणजे यंत्रणा होती.
पंख असलेली, आणि माझ्यापेक्षा जुनी.

सकाळी डबा उघडला, एक ओळ वाढवली:
गोळा वर आल्यावर थांब, मग टक् कर.
किती थांब, त्या आकड्याला नाव द्यावं लागतं.
'विलंब' लिहिलं. खोडलं. 'चूक' लिहिलं, तेही खोडलं.
दिओनिसियो, लिहिलं. बाबांचं नाव.
दिओनिसियो बरोबर अकरा.

हंस अजून आलेले नाहीत.
गवताच्या मधोमध मात्र नखाएवढी
हिरवी सुरुवात आहे, किंवा मला तसं दिसतं.
टाकी काठोकाठ भरते, सांडायला लागते,
एउलोखियाबाई कान देऊन उभ्या.
टक् नाही.
"बिघडलं का गं?"

"हो," मी म्हणते. "थोडंसं बिघडवलंय."