तुटक रेघ

गोठिवलीच्या खाडीकाठी भिंत होती,
तिच्या नकाशात खाली उजव्या कोपऱ्यात
माझी सही आहे. निळी शाई, सत्त्याण्णव साल.
लांबी दोनशे दहा मीटर, काळा दगड, एकास सहाचा माल.
कंत्राटदाराने पेढे वाटले होते.

लगेच काही पडली नाही.
आधी पायाशी घळ झाली, मांजर बसेल एवढी.
मग कुत्रं बसेल एवढी.
मग एका अवसेच्या उधाणाला
चाळीस मीटर भिंत खाडीकडे तोंड करून निजली
आणि तिच्यामागचं भेंडीचं झाड,
होड्या ओढायची उतरण,
मढव्यांचं अर्धं खळं
तिच्यामागोमाग गेलं.
कार्यालयात आम्ही लिहिलं : नैसर्गिक कारणे.

चांगुणा मढवी कालवं फोडत बसली होती.
मान वर न करता म्हणाली,
"पानी भितीला नाय आयकत, साहेब.
आपटतं, न् मागं फिरताना पायाखालची माती नेतं.
पानी पायांना आयकतं."
बाई कोड्यात बोलतेय, असं वाटलं मला.
तिने हनुवटीने दाखवलं :
जिथे आमचे पैसे संपले म्हणून भिंत पोचली नव्हती
तिथे तिवरं उभी,
चिखलातून वर काढलेली त्यांची हजार बोटं,
आणि किनारा जागच्या जागी.

हे समजायला मला निवृत्त व्हावं लागलं.

आता गुडघाभर चिखलात उभा राहतो, सुकती बघून.
काथ्याच्या वळकट्या आल्यात टेम्पोने,
लग्नघरी पाहुण्यांच्या येतात तशा, एकावर एक.
बांबू ठोकून त्या आडव्या निजवायच्या,
पुढ्यात जाळीच्या पिशव्या, कालवांच्या कवचांनी भरलेल्या.
कवचं चांगुणाच्या परसातली,
तीस वर्षांचा ढीग, तिच्या सासूपासूनचा.
ढीग उचलला तेव्हा खालची जमीन
पांढरी, ओली, उघडी पडल्यासारखी दिसली.
ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली.

पहिल्या वर्षी सहाशे रोपं लावली, दोरी धरून, ओळीत.
जन्मभर दोरीच धरली मी.
"शालंची पोरं कवायतीला उभी केलीस काय?"
त्यातली एकशे अकरा वाचली.
बाकीची काही प्लास्टिकने गुदमरली, काही शेवाळाने,
आणि बरीचशी माझ्या हिशेबाने :
पातळी नऊ इंच खाली धरली होती.
बुडून मेलेलं तिवर उपटताना आवाज येत नाही.
अलगद हातात येतं.

दुसऱ्या वर्षी फारसं लावलं नाही.
पाणी तेवढं हळू केलं.
बी भरतीने आणलं,
तिला वाटलं तिथे ठेवलं,
आम्हाला न विचारता, वाकडंतिकडं,
आणि ते लागलं.

खाडी काही बरी झालेली नाही.
वारा फिरला की कारखान्यांचा वास येतो,
कधी पाण्यावर तेलाचा मोरपंखी तवंग.
पण मेलेल्या कवचांच्या पाठीवर
नखाएवढी जिती कालवं चिकटली आहेत,
आणि वळकट्यांमागे, लाल रंग मारलेल्या बांबूपाशी,
चार बोटं गाळ साठलाय.
मी मोजपट्टी लावली. चांगुणाने बोटं लावली.
आकडा तोच आला.

पडलेल्या भिंतीच्या दगडांत चिंबोऱ्या राहतात.
माझं तेवढं बांधकाम यशस्वी झालं म्हणायचं.

काल नवा नकाशा काढायला बसलो.
किनारा कुठे दाखवू?
सुकतीला तिथे, भरतीला इथे,
पुढल्या वर्षी आणखी कुठे.
पक्की रेघ हात काढेना.
तुटक काढली, मधे मधे जागा सोडत.
चांगुणाने कागद उलटा धरून पाहिला.
"निवटं जातील-येतील एवढी भोकं ठेवलीस," म्हणाली,
"हे बरं झालं."

खालचा उजवा कोपरा मी कोराच ठेवलाय.