चार हजार हर्ट्झ

फॉर्म मीच भरला.
हणमंत ज्ञानू शेलार, वय एकसष्ट.
पॉवर प्रेस, वागळे इस्टेट. अठ्ठावीस वर्षं.
नातं असा रकाना या फॉर्मवर नसतो.

किसननगरच्या खोलीत आमचा टीव्ही
तीन घरं ऐकायची.
आई म्हणायची, भिंतीशी संसार केला मी.
दादांना हळू बोलताच यायचं नाही,
म्हणून पालकसभेला
मी आईलाच न्यायची.
सातवीत होते. लाज वाटायची.

रेशनकार्ड शोधताना एकदा
कागद सापडला घडी घातलेला:
स्टोअरमध्ये बदली, आवाज नसलेलं खातं,
प्रेसचा भत्ता बंद.
खाली त्यांच्या तिरक्या अक्षरात, नको.
मागे पेन्सिलीनं बेरीज.
क्लास. गाईड. बसचा पास.
भत्त्याच्या वर सतरा रुपये जात होते.
ते सतरा कुठून आणले,
अजून विचारलेलं नाही.

त्या रात्री ठरवलं वगैरे काही नाही.
दुसऱ्या दिवशी भूमितीचा पेपर होता, झोपले.
पण बारावीनंतर
सगळ्या जणी कॉम्प्युटरच्या रांगेत असताना
मी खिडकीत विचारलं,
कानांचं शिकवतात ते कुठे?
दोनदा विचारावं लागलं. मोठ्यानं.

आज पाचपाखाडीत, माझ्या काचेच्या खोलीत
दादा बसलेत. टोपी मांडीवर,
डोक्यावर हेडफोन, हातात बटण.
पेशंटला पाठमोरं बसवायचं असतं.
मी बसवलं नाही.

पाचशेला दाबलं. हजारला दाबलं.
चार हजारला तर लगेच.
मी अजून सूर सोडलाच नव्हता.

वर पाहिलं तर
ते माझ्या खांद्याकडे बघत होते.
खांदा हलला की बटण.
प्रेसवर असंच चालायचं म्हणे,
समोरच्याचा हात बघायचा,
कानाचं तिथे काय काम.
लेकीच्या परीक्षेत
एकही उत्तर चुकू नये म्हणून
अंगठा घामेजून तयार.

आत गेले. खुर्ची भिंतीकडे फिरवली.
काही बोलले नाहीत.

मग दिवा लागला नाही.
आवाज वाढवला. नाही.
आणखी वाढवला.
आलेखावरची रेघ चार हजारपाशी
विहिरीत उतरावी तशी उतरली,
आणि त्या विहिरीवर माझं सगळं शिक्षण झालं
हे तिथे लिहायला जागा नव्हती.

बाहेर आले, टोपी नीट केली,
आणि अख्ख्या वेटिंग रूमला ऐकू जाईल असं
विचारलं,
'किती पडले गं?'