रकाना अकरा

अर्ज आठ पानांचा आहे.
निळ्या शाईनं भरावा, खाडाखोड चालणार नाही.
मी काळं पेन घेऊन बसलोय
रास्ता पेठेतल्या डायलिसिस विभागाच्या मागच्या खोलीत,
जिथे पाण्याचा प्लांट घरघरतो
आणि सकाळची पाळी सुरू व्हायला अजून अर्धा तास आहे.

नाव : शिवशरण रेवण मल्लिनाथ.
वय सत्तेचाळीस.
व्यवसाय –
इथे आजवर मी काहीही लिहीत आलो.
रेशनकार्डावर 'नोकरी', मुलीच्या शाळेत 'मेडिकल लाईन'.
सासरवाडीत तर त्यांनीच ठरवलं : जावई डॉक्टरच्या हाताखाली असतात.
आता कायद्यानं छापील नाव दिलंय.
दोनदा मनात वाचलं. एकदा मोठ्यानं.

रिक्षावाल्याच्या छातीवर बिल्ला असतो.
कोपऱ्यावरच्या भेळेच्या गाडीला परवाना, तोही फ्रेममध्ये.
इथे माणसाचं सगळं रक्त
चार तास माझ्या नळ्यांतून फिरून घरी जातं,
आणि कोणी विचारलं नव्हतं, तू कोण.

रकाना सात : प्रशिक्षण कोठे घेतले?
मार्था सिस्टरकडे, असं लिहिता येत नाही.
तिनं माझी बोटं धरून एका म्हातारीच्या मनगटावर ठेवली होती.
"लागतंय? मांजर घुरघुरतं तसं?
हे थांबलं तर सुई उचलायची नाही. डॉक्टरला उठवायचं.
रात्रीचे तीन वाजले असले तरी.
आणि लेबल वाचल्याशिवाय हात लावायचा नाही कशाला."
याची मार्कलिस्ट नसते.
मी ते पुढे नऊ जणांना दिलं.
दहाव्याला द्यायचं राहिलं.

दहावा सुदर्शन पाखरे. कामाचा तिसरा दिवस.
त्या पाळीत शिंदे दोन होते.
फिल्टरवर मार्करनं लिहिलेलं नाव, ओल्या हातानं पुसलेली आद्याक्षरं.
मी म्हणालो, "तू लाव, मी चहा घेऊन आलो."

तीन महिन्यांनी एका शिंद्यांचा रिपोर्ट बदलून आला.

चौकशी झाली, तीही चहासोबत.
सुदर्शनला म्हणाले, उद्यापासून येऊ नको.
पुढच्या महिन्यात तो चिंचवडला लागला,
दोन वर्षांचा अनुभव आहे म्हणून.
तिथून कोणी फोन केला नाही. कोणाला करणार?
नाव काढून टाकायलाही
ते आधी कुठंतरी लिहिलेलं असावं लागतं.

गेल्या रविवारी कसब्यातल्या हॉलमध्ये आम्ही दीडशे जण जमलो.
फी किती, परीक्षा कशाला,
वीस वर्षं घासली ती काय झक मारली?
नाडगौडा उभे राहून म्हणाले,
आमच्या हातून जगलेली माणसं हाच आमचा दाखला.
टाळ्या वाजल्या. माझ्याही.
वाजवता वाजवता हातांकडे लक्ष गेलं.

रकाना अकरा : आपल्याविरुद्ध कोणतीही तक्रार दाखल आहे काय?
होय / नाही.

नाही. खरंच नाही.
शिंदेबाईंनी विचारलं होतं मला, तक्रार कुठे द्यायची.
मी म्हटलं, ऑफिसात.
ऑफिस म्हणालं, विभागात.
डबा मांडीवर घेऊन त्या बाकावर बसल्या होत्या पाचपर्यंत.
मी त्या दिवशी मागच्या दारानं घरी गेलो.

बागवान चाचा आले. चप्पल काढून काट्यावर उभे.
दोन किलो चारशे जास्त. कलिंगडाचा सीझन, धंद्यात चव घ्यावीच लागते म्हणतात.
टेबलावरचे कागद बघून :
"परीक्षा? या वयात?"
हो.
"आणि नापास झालास तर?"
तर सुई लावायची नाही.
चाचा थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिले.
"बरोबर आहे," म्हणाले,
आणि बाही वर केली.
"नंबर मिळाला की सांग मला. नऊ वर्षं माझाच ओरडतोयस."

मी बोटं ठेवली. घुरघुरतंय.
लेबल वाचलं. मग पुन्हा वाचलं.

अकरावा रकाना अजून कोरा आहे.
वॉर्डबॉयला निळं पेन आणायला पाठवलंय,
आणि एक कोरा कागद, जास्तीचा.