समास

मॅनहॅटन म्हटलं की घरच्यांना उंच इमारती दिसतात.
हे कॅन्ससमधलं मॅनहॅटन. इथे उंच म्हणजे
धान्याची कोठारं.
पदव्युत्तर कार्यालयात, खिडकीपासून तिसऱ्या टेबलाशी
मी प्रबंधांचे समास मोजते.

डावीकडे दीड इंच, बाकी तिन्ही बाजूंना एक.
आता सगळं पडद्यावर येतं, तरी मी
लाकडी पट्टी काढून पडद्याला लावते.
डार्लीन हसते. हसू दे.
शाळेत बापट बाई म्हणायच्या, समास सोडवा.
इथली नियमपुस्तिका म्हणते, समास सोडा.
एका अक्षराचा फरक, आणि त्यात
माझी तेवीस वर्षं.

प्रबंधात काय लिहिलंय ते आमचं नव्हे.
त्याच्या भोवतीची मोकळी जागा आमची:
समितीत चार जण, त्यातला एक परक्या विभागाचा,
सात वर्षांची मुदत, आठव्या वर्षी अर्ज,
अर्जाला कारण, कारणाला पुरावा, पुराव्यावर सही.
उरलेलं परिषद ठरवते, पहिल्या गुरुवारी साडेतीनला.
एका स्वल्पविरामावर चाळीस मिनिटं गेलेली
मी पाहिलीत,
आणि एका मुलीचा भत्ता चार मिनिटांत.

मार्चमध्ये तेमेस्गेन आला. गव्हावरच्या तांबेऱ्यावर
सहा वर्षं काढलेला मुलगा, टोपी हातात.
तोंडी परीक्षा शुक्रवारी झाली होती. उत्तीर्ण.
फ्रीसन सर म्हणाले होते, सही सोमवारी करतो,
पेन गाडीत राहिलंय.
रविवारी सर गेले. प्रयोगाच्या वाफ्यातच,
गुडघ्यांवर बसलेले सापडले.

फॉर्मवर रकाने आहेत: रजेवर, निवृत्त, अन्यत्र बदली.
'मृत' हा रकाना नाही.
तारांकित जागा भरल्याशिवाय संगणक पुढे सरकत नाही.
नवा अध्यक्ष नेमा, नवं शुल्क भरा,
पुन्हा परीक्षा द्या, असं नियम म्हणतो.
व्हिसा मेपर्यंतच, हे नियमाला माहीत नाही.

डीन बाईंनी विचारलं, पूर्वी असं काही झालंय?
चुकत नाही त्यांचं. उद्या कुणी बोट ठेवलं
तर कागद हवा.

तळघरात इतिवृत्तांची खोकी.
चौऱ्याहत्तर साल उंदरांनी खाल्लेलं.
एक्याऐंशीचा नोव्हेंबर मात्र शाबूत,
टंकयंत्राचं एक अक्षर दर ओळीत वर उडालेलं:
'मार्गदर्शकाचे निधन. ओळ कोरी ठेवावी,
नाव खाली छापावे. उमेदवारास अडवू नये.'
सूचकाची जागा रिकामी.
अनुमोदक: मिसेस युला पॅनक्रॅट्झ, लिपिक.

लिपिकाला तेव्हा मत नव्हतं. आजही नाही.
तरी बाईने स्वतःचं नाव टंकलं
आणि पुढच्या बैठकीत इतिवृत्त
जसंच्या तसं मंजूर झालं.
मी तो कागद छातीशी धरून जिना चढले,
धूळ ब्लाउजला लागली ती झटकली नाही.

परिषदेत अकरा मिनिटं लागली.
त्यातली सात 'कोरी' की 'रिक्त' यावर.
इतिवृत्त मीच लिहीत होते. सूचक कोण ते लिहिलं,
अनुमोदक कोण ते लिहिलं. माझं नाव घालायचा
धीर झाला नाही.

प्रबंध एप्रिलच्या शेवटी आला.
सह्यांच्या पानावर पहिलीच ओळ मोकळी,
खाली छापलेलं: लोवेल फ्रीसन.
बापट बाई फळ्यावर लिहायच्या, साखरभात,
साखर घालून केलेला भात.
'घालून केलेला' गळालं, पण गेलं का कुठे?
मध्यमपदलोपी, आम्ही एका सुरात ओरडायचो,
डब्यातल्या भाताकडे लक्ष ठेवून.

मी पट्टी लावली. डावीकडे दीड इंच, बरोबर.
उजवीकडे पाऊण.
परत पाठवला.

रात्री अकराला दुरुस्त होऊन आला,
सोबत एक ओळ:
सरांनीही तीनदा हेच सांगितलं होतं.