सहा की सात

चोडणची पाच दहाची फेरी माझ्या नाकासमोरून सुटली.
साखळी अडकवता अडकवता धक्क्यावरचा गुणाजी
"आता पंचवीस मिनिटं" म्हणाला,
उद्याचं हवामान सांगावं तसं.

बगलेत फाईल:
खाजनाच्या बांधावरून दोन चुलतभावांचा वाद,
सव्वादोन मीटर, आजोबांपासूनचा.
दिवसभर चिखलात उभी राहून मी तो मोजला
आणि दोघांनीही मला, वेगवेगळं बोलावून,
शहाळं पाजलं.

मी सुलक्षा नार्वेकर. चोपन्न पूर्ण.
मोजणी खात्यात एकतीस वर्षं.
माझ्या सहीशिवाय या तिसवाडीत
एक माड इकडचा तिकडे होत नाही.

खाली ओहोटीच्या कडेला पोदेराचा सालू
रिकाम्या टोपलीची सायकल झाडाला टेकवून
मांडवीला दगड मारत होता.
एक टप्पा. डुबुक.
दोन. डुबुक.
आणि मी, कुणी विचारलं नसताना, वरून म्हणाले,
"गोल कसला घेतोस? चपटा घे. कौलाचा."

त्यानं वर पाहिलं:
पर्स, चष्मा, फाईल, रबरी चपला.
"तुका येता?"

येतं का?
नार्व्याच्या मानशीवर, भरतीचं दार मिटलं की,
माझ्या भाकऱ्यांना अख्ख्या वाड्यावर तोड नव्हती.
पुढे त्याच हातानं खऱ्या थापल्या,
तव्यावरच्या, माणशी दोन,
आणि पाण्यावरच्या कधी सुटल्या
ते दप्तरी कुठेच नोंदलेलं नाही.
मनाई कुणी केली नव्हती.
एवढंच, की नदीवर मी यायचे
ती फेरी पकडायला.

तुकडा मिळाला. शेवाळलेला, तळहाताएवढा.
फाईल ठेवली टोपलीत, पावाच्या चुऱ्यावर.
पदर खोचला.
पहिला सरळ बुडाला. गुणाजी खोकला.
दुसराही.
उजवा खांदा आखडलाय माझा; डॉक्टरीण म्हणते
भिंतीवर बोटं चालवा, रोज, दहादा.
तिसऱ्या वेळी मी खांद्याला काही विचारलंच नाही.
कमरेतून वाकले, मनगट सोडलं,
टप्
टप्
टप्, टप्टप्,
पाणी तापल्यासारखं आणि ती त्याला
न टेकता धावलेली.
माझ्या घशातून एक आवाज निघाला
तो माझ्या ओळखीचा नव्हता.
बगळे उडाले.

फेरी आली. माणसं उतरली, स्कूटरी चढल्या.
गुणाजीनं शिट्टी मारली, "बाई, येताय ना?"
मी हातानंच "जा" म्हटलं.
दुसऱ्या हातात ताजं कौल होतं.

मधेच एक शेवटो उसळला,
पाण्याबाहेर तीनदा, कुणी न फेकता.
सालू म्हणाला, तो धरायचा नाही.

शेवटच्या भाकरीला सात टप्पे पडले.
"स," सालू म्हणाला.
"सात."
"सच! निमाणो न्हय, तें ल्हार."
"ल्हार काय रे लबाडा! मला मोजायला शिकवतोस?"
"गुणाजीक विचार."
गुणाजीनं साखळी खाली ठेवली
आणि दुपारच्या साक्षीदारांसारखंच तोंड केलं:
"हांवें पळोवंक ना."

भांडलो. अगदी मनापासून,
पलीकडे रायबंदरचे दिवे लागेस्तोवर.
तो चिडून सायकलवर बसला,
माझी फाईल टोपलीतच घेऊन निघाला,
वळणावरून परत आला, हातात आपटली.
"फाल्यां," म्हणाला.
धमकीच ती.

आज टेबलावर अहवाल आहे.
चतुःसीमा, सव्वादोन मीटर, पानापानांत पावाचे कण.
साहेब विचारतात, बाई, काल कुठे अडकलात?
वादाच्या जागी, म्हणते मी.

सात होते.
लेखी द्यायला तयार आहे.